आरोग्यविम्याचं विधेयक आणि सरकारी तिजोरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आरोग्यविम्याचं मोठं विधेयक आलं की पाठोपाठ त्याच्या खर्चाचा एक आकडा येतो, आणि दोन्ही पक्ष तोच आकडा एकमेकांच्या डोक्यात घालत बसतात. हा आकडा कोण काढतं, कसा काढतं आणि त्यावर कितपत विश्वास ठेवायचा, याबद्दल तिकडच्या मराठी मंडळींकडून आणि इकडच्या वाचकांकडून सतत प्रश्न येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतलेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे क्रमांक दिलाय.

आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा: १ अब्ज म्हणजे १०० कोटी आणि १,००० अब्ज म्हणजे १ लाख कोटी. अमेरिकी केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं.

१. हा आकडा काढतं कोण? सरकारच ना?

सरकार नाही, संसद. काँग्रेशनल बजेट ऑफिस, म्हणजे सीबीओ, हे अमेरिकी काँग्रेसचं स्वतःचं कार्यालय आहे (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद, आपला पक्ष नव्हे). राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संसदेने मंजूर केलेला निधी अडवून धरला, त्या भांडणातून १९७४चा अर्थसंकल्प कायदा झाला आणि १९७५ साली हे कार्यालय सुरू झालं. पहिल्या संचालक अ‍ॅलिस रिव्हलिन. आज तिथे पावणेतीनशेच्या आसपास माणसं काम करतात. संसदीय समितीने मंजूर केलेल्या विधेयकाचा खर्च काढून देणं हे कायद्याने त्यांचं काम आहे. विधेयक चांगलं की वाईट, हे ते सांगत नाहीत. करांचे आकडे मात्र १९२६ पासूनची संयुक्त कर समिती काढते, आणि आरोग्यविम्यात खर्च नि कर एकमेकांत इतके गुंतलेले असतात की या दोघांना एका टेबलावर बसावंच लागतं.

२. 'स्कोअर' म्हणजे विधेयकाला मिळालेले गुण का?

नाही. स्कोअर म्हणजे फरक. आजचे कायदे आहेत तसेच राहिले तर पुढच्या दहा वर्षांत सरकारचा खर्च नि उत्पन्न काय असेल, याचा एक अंदाज आधीच तयार असतो. त्याला बेसलाइन म्हणतात. विधेयक मंजूर झालं तर काय असेल, हा दुसरा अंदाज. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे स्कोअर.

घरचं उदाहरण घ्या. मुलाच्या शाळेची फी पुढच्या वर्षी दहा हजारांनी वाढणार हे ठरलेलं आहे. तुम्ही शाळा बदलली, नव्या शाळेत फी आजच्यापेक्षा चारच हजारांनी जास्त. खिशातून यंदापेक्षा जास्तच जाणार, तरी बेसलाइनच्या हिशेबात तुमची सहा हजारांची बचत झाली. मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा. 'मेडिकेअरमध्ये कपात' अशी बातमी वाचाल तेव्हा ती बहुतेक वेळा अशीच असते: खर्च वाढणारच असतो, फक्त आधी धरला होता त्यापेक्षा कमी. ही चलाखी नाही, पण बातमीत अर्धं वाक्य गळतं.

३. ओबामाकेअरवर ९३८ अब्ज डॉलर खर्च, आणि त्याच कायद्याने १४३ अब्जांची तूट कमी? यातलं खोटं कोणतं?

ओबामाकेअर म्हणजे २०१०चा आरोग्यविमा कायदा. दोन्ही आकडे एकाच पत्रातले आहेत आणि दोन्ही बरोबर. २० मार्च २०१० रोजी सीबीओने सभापती नॅन्सी पेलोसी यांना लिहिलेलं पत्र उघडा आणि बाजूला कागद-पेन घ्या. कालावधी २०१० ते २०१९.

विमा देण्याचा ढोबळ खर्च: मेडिकेड (गरिबांचा सरकारी विमा) आणि मुलांच्या विम्यासाठी ४३४ अब्ज, विमा बाजारातल्या (एक्सचेंजवरच्या) अनुदानांसाठी ४६४, छोट्या मालकांच्या करसवलतींसाठी ४०. बेरीज ९३८. यातून विमा न घेणाऱ्यांचा दंड, मालकांचा दंड, महागड्या विम्यावरचा कर वगैरे वजा केलं की उरतात ७८८. आता दुसरी बाजू. मेडिकेअरमधून रुग्णालयांना नि खासगी विमा योजनांना मिळणाऱ्या रकमांची वाढ रोखणं आणि इतर खर्चातली बचत, मिळून ५११. इतर नवे कर वगैरे ४२०. ७८८ मधून ५११ आणि ४२० वजा करा: उणे १४३. ताळा जमला.

आता यातली गोम. त्या १४३ मधले १९ अब्ज आरोग्याचे नाहीतच. ते शैक्षणिक कर्जांच्या सुधारणेचे आहेत, कारण ती त्याच विधेयकात बांधली होती. आरोग्याचा निव्वळ आकडा १२४. विरोधक ९३८ सांगत राहिले, समर्थक १४३. मधला ७८८, जो विम्याच्या विस्ताराची खरी निव्वळ किंमत सांगतो, तो कुणाच्याच भाषणात फारसा आला नाही.

४. लोक विमा घेतील की नाही, हे वॉशिंग्टनमध्ये बसून यांना कसं कळतं?

कळत नाही, अंदाज करतात. त्यासाठी संगणकात एक नमुना देश उभा केलेला असतो. लोकसंख्या सर्वेक्षणातल्या कुटुंबांची माहिती घ्यायची: वय, उत्पन्न, नोकरी, मालक विमा देतो का, मेडिकेडला पात्र आहेत का. मग प्रत्येक कुटुंबापुढे नव्या कायद्यातले पर्याय ठेवायचे आणि हप्ता इतका झाला तर हे काय निवडतील ते मोजायचं. मालकांचंही तसंच: विमा चालू ठेवायचा, की बंद करून पगार वाढवायचा?

अवघड जागा ही की प्रत्येकाच्या निवडीचा परिणाम दुसऱ्याच्या हप्त्यावर होतो. तरुण, धडधाकट माणसं बाहेर पडली की उरलेले आजारी, हप्ता चढतो, मग आणखी काही बाहेर पडतात. म्हणून हे गणित एका फेरीत सुटत नाही. हप्ते नि निवडी एकमेकांशी जुळेपर्यंत ते फिरवत राहावं लागतं.

५. कंपन्यांनी विमा देणं बंद केलं तर सरकारचं उत्पन्न वाढतं, असं वाचलं. हे कसं?

मालक तुमच्या विम्याचा जो हप्ता भरतो त्यावर अमेरिकेत आयकरही नाही आणि सामाजिक सुरक्षेचा करही नाही. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ही प्रचंड करसवलत आहे, फक्त ती खर्चाच्या रकान्यात दिसत नाही. समजा मालक वर्षाला १५,००० डॉलर हप्ता भरतो. उद्या त्याने विमा बंद केला आणि तेवढीच रक्कम पगारात घातली. २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाकडून नुसता आयकरच ३,३०० डॉलर जास्त येईल. पण तोच माणूस एक्सचेंजवर जाऊन अनुदान घेऊ लागला तर? मग एकीकडून आलेलं दुसरीकडून जातं. कोणती बाजू जड होते हे त्याच्या उत्पन्नावर ठरतं. स्कोअरमध्ये 'इतर महसुली परिणाम' अशी जी रुक्ष ओळ असते, तिच्यात मुख्यत्वे हेच असतं.

६. दहाच वर्षं का? अकराव्या वर्षी काय होतं ते कोण बघतं?

दहा वर्षांची खिडकी ही रूढी आहे, आणि जिथे खिडकी असते तिथे बाहेर काय ठेवायचं याचा विचार करणारेही असतात.

सर्वांत बोलकं उदाहरण २०१०च्या कायद्यातच होतं. 'क्लास' नावाची दीर्घकालीन शुश्रूषेची ऐच्छिक विमा योजना. वर्गणी लगेच सुरू, लाभ मात्र पाच वर्षं वर्गणी भरल्यानंतर. त्यामुळे पहिल्या दहा वर्षांत जमा जास्त नि देणं कमी. स्कोअरमध्ये सुमारे ७० अब्जांची बचत दिसली. म्हणजे १४३ मधला जवळजवळ अर्धा वाटा. पुढची दशकं तोट्याची असतील हे सीबीओने तेव्हाच लिहून ठेवलं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये आरोग्यखात्याने ही योजना चालण्याजोगी नाही म्हणून थांबवली आणि २०१३च्या जानेवारीत ती कायद्यातूनही गेली.

उलटा प्रकार महागड्या विम्यावरच्या ४० टक्के कराचा. तो २०१८ पासून लागणार होता, मग २०२०, मग २०२२, आणि डिसेंबर २०१९ मध्ये रद्दच झाला. एक डॉलरही वसूल झाला नाही. कायदा जसा लिहिलाय तसाच अमलात येईल असं धरणं सीबीओला भाग असतं. पुढची संसद कच खाईल, असं गृहीत धरून हिशेब मांडता येत नाही.

अकराव्या वर्षाकडे बघणारा एक नियमही आहे. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ६० मतांऐवजी साध्या बहुमताने विधेयक नेण्याचा जो अर्थसंकल्पी मार्ग आहे, त्यावर 'बर्ड नियम' लागू होतो: खिडकीच्या पलीकडे तूट वाढवणारी तरतूद चालत नाही. म्हणूनही बऱ्याच सवलतींना शेवटची तारीख असते. तारीख जवळची ठेवली की किंमतही लहान दिसते. एक्सचेंजवरची वाढीव अनुदानं २०२२ मध्ये तीन वर्षांनी वाढवली तेव्हा किंमत सुमारे ६४ अब्ज होती. तीच कायमची करायची तर दहा वर्षांचे ३५० अब्ज, असं २०२५ मध्ये सीबीओने सांगितलं. याच वादात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प झालं, आणि वर्षअखेर ती अनुदानं संपली.

७. बेसलाइन कोण ठरवतं? ती हवी तशी सरकवता येते का?

सीबीओ ठरवतं, कायद्यात दिलेल्या नियमांनी. सरकवायचे प्रयत्न मात्र होतात. दोन किस्से पुरेत.

पहिला २०१०चा. मेडिकेअर डॉक्टरांना जे दर देतं ते जुन्या कायद्यातल्या एका सूत्रामुळे दरवर्षी मोठ्या प्रमाणात घसरायला हवे होते, आणि संसद दरवर्षी ऐनवेळी ती घसरण रोखत असे. बेसलाइनमध्ये मात्र घसरण होणारच असं धरलेलं. डॉक्टरांचे दर दुरुस्त करण्याचं काम ओबामाकेअरच्या मोठ्या विधेयकातून वगळून वेगळं ठेवलं गेलं. तेही धरलं तर काय, असं रिपब्लिकन खासदार पॉल रायन यांनी विचारल्यावर सीबीओने उत्तर दिलं: मग बचत नाही, ५९ अब्जांची तूट. ते सूत्र शेवटी २०१५ मध्ये रद्द झालं.

दुसरा २०२५चा. ४ जुलैला झालेल्या कर नि खर्चाच्या मोठ्या कायद्याने दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल, हा सीबीओचा नेहमीच्या बेसलाइनवरचा आकडा. पण सिनेटच्या अर्थसंकल्प समितीने, २०१७च्या करसवलती संपणारच नाहीत असं धरून, वेगळ्या बेसलाइनवर हिशेब मागवला. अंदाज मागवायचा तो कशाच्या तुलनेत, हे सांगण्याचा अधिकार समितीकडे असतो. तेच विधेयक, तीच कलमं, आणि आकडा तुटीचा न राहता बचतीचा. माझं मत विचाराल तर ही वजाबाकी नव्हे, पाटी पुसणं आहे. पण नियमात बसवून केलेलं.

८. जो नियम कधी लागूच झाला नाही, तो रद्द करून पैसे कसे वाचतात?

हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मलाही हसू आलं. औषध कंपन्या मेडिकेअरच्या विमा योजनांना ज्या सवलती परत देतात, त्या रुग्णाला दुकानातच मिळाव्यात असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. त्याने हप्ते वाढले असते आणि सरकारचा खर्चही, कारण हप्त्यांचा मोठा भाग सरकार भरतं. नियम अंतिम झाला म्हणून तो बेसलाइनमध्ये शिरला. अंमलबजावणी पुढे ढकलत राहिली, आणि प्रत्येक वेळी ढकलण्यातून 'बचत' निघाली. २०२२च्या कायद्याने तो आणखी लांबणीवर टाकला तेव्हा सुमारे १२० अब्ज डॉलर जमेच्या बाजूला आले आणि दुसऱ्या खर्चांसाठी वापरले गेले. हातात कधी न आलेलं बिल फाडून त्याचे पैसे खर्च करण्यासारखं. नियमांप्रमाणे मात्र चोख, कारण तुलना बेसलाइनशी असते (प्रश्न २).

९. अनुदान बंद केलं तर तूट वाढते? हे उलटं नाही का?

उलटं वाटतं, आणि या यादीतला माझा आवडता प्रश्न हाच.

एक्सचेंजवर दोन प्रकारची मदत होती. पहिली, हप्त्यासाठी करसवलत. दुसरी, गरीब ग्राहकांना डॉक्टरकडे गेल्यावर खिशातून कमी द्यावं लागावं म्हणून विमा कंपन्यांना मिळणारी भरपाई. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ही दुसरी भरपाई थांबवली. त्याआधी ऑगस्टमध्येच सीबीओने सांगून ठेवलं होतं: थांबवलीत तर २०१७ ते २०२६ मध्ये तूट १९४ अब्जांनी वाढेल.

कारण हप्त्याची सवलत ठरते 'सिल्व्हर' (मधल्या दर्जाच्या) गटातल्या दुसऱ्या स्वस्त योजनेवरून. तुमच्या उत्पन्नाप्रमाणे तुम्ही ठरलेली रक्कम भरायची, वरचं सरकारने. समजा योजनेचा महिन्याचा हप्ता ६०० डॉलर आणि तुमचा वाटा ४००. सरकार देतं २००. भरपाई बंद झाली तरी गरीब ग्राहकांना कमी पैशांत उपचार देणं कंपनीला कायद्याने बंधनकारकच आहे. तो खड्डा भरायला तिने सिल्व्हरचा हप्ता ७२० केला. तुमचा वाटा ४००च राहतो. सरकार देतं ३२०. आणि मेख अशी की थांबवलेली भरपाई फक्त कमी उत्पन्नाच्या ग्राहकांपोटी जात होती, हप्त्याची सवलत मात्र त्यांच्या बरोबरीने दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाही मिळते. वाचवायला गेले थोडं, सुटलं जास्त.

यात ग्राहकांचा एक गट चक्क फायद्यात राहिला. ३२० डॉलरची सवलत घेऊन 'ब्रॉन्झ' ही सिल्व्हरपेक्षा स्वस्त योजना घ्यायची, जिचा हप्ता फारसा वाढलेला नाही. काहींना तो शून्यावर आला. मेरीलँडमधल्या माझ्या मावसभावाने त्या डिसेंबरमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलावर नूतनीकरणाचं पत्र तीनदा वाचलं आणि चूक झालीय म्हणून कंपनीला फोन लावला. चूक नव्हती.

१०. विमा न घेतल्याचा दंड काढून टाकला तर दंडाचं उत्पन्न बुडतं. मग बचत कुठून?

दंड गेला की काही माणसं विमा घेत नाहीत, आणि न घेतलेल्या विम्यावर अनुदान द्यावं लागत नाही. मेडिकेडला पात्र असून दंडाच्या धाकाने नाव नोंदवणारेही थांबतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये सीबीओचा अंदाज होता: दहा वर्षांत ३३८ अब्जांची बचत, आणि २०२७ मध्ये विमा नसलेले १ कोटी ३० लाखांनी जास्त. हे पैसे त्या वर्षीच्या करकपातीच्या कायद्यात कामी आले. दंड २०१९ पासून शून्य झाला. पण २०१८ मध्येच सीबीओने आपली पद्धत सुधारली आणि दंडाचा परिणाम आधीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी धरला. करकपात तोवर होऊन गेली होती.

११. '२ कोटी ४० लाख लोकांचा विमा काढून घेणार' हे २०१७ मध्ये ऐकलं होतं. खरंच काढून घेणार होते?

शब्द सैल आहे. १३ मार्च २०१७च्या अंदाजात म्हटलं होतं की ओबामाकेअर मोडीत काढणारं रिपब्लिकन विधेयक मंजूर झालं तर विमा नसलेल्यांची संख्या २०१८ मध्ये १ कोटी ४० लाखांनी आणि २०२६ मध्ये २ कोटी ४० लाखांनी जास्त असेल. पहिल्या वर्षीची वाढ मुख्यतः दंड गेल्यामुळे स्वतःहून विमा न घेणाऱ्यांची. नंतरची वाढ मेडिकेडच्या कपातीमुळे आणि परवडेनासा झाल्यामुळे. 'काढून घेणं', 'सोडणं' आणि 'न परवडणं' या तीन वेगळ्या गोष्टी एका बेरजेत येतात.

पण 'स्वतःहून सोडलं' म्हणून हात झटकणाऱ्यांनी त्याच अहवालातला एक तक्ता पाहावा. वय ६४, उत्पन्न वर्षाला २६,५०० डॉलर. तेव्हाच्या कायद्यात २०२६ मध्ये सवलत वजा जाता हप्ता १,७०० डॉलर. नव्या विधेयकात १४,६००. निम्म्याहून जास्त कमाई नुसत्या हप्त्यात. असा माणूस विमा 'निवडत नाही' हे व्याकरणाने बरोबर आहे. आणि अशी वयस्क, आजारी माणसं बाहेर गेली की उरलेल्यांचा सरासरी हप्ता उतरतो, मग 'विमा स्वस्त झाला' अशी बातमीही देता येते.

१२. मेडिकेअरची बचत दोनदा मोजली, हा आरोप खरा आहे का?

मोजणीत नाही, भाषणांत हो. आई डाळीच्या डब्यात पैसे साठवते. बाबा ते घेतात, चिठ्ठी ठेवतात आणि घराचं भाडं भरतात. डब्यात चिठ्ठी आहे म्हणून आईच्या नावावर पैसे आहेत. भाडंही भरलं गेलंय. पण नोटा एकदाच होत्या. २०१० मध्ये मेडिकेअरची बचत रुग्णालय निधीत जमा दिसली आणि विश्वस्तांच्या अहवालात त्या निधीचं आयुष्य २०१७ वरून २०२९ पर्यंत वाढलं. तीच बचत नव्या अनुदानांच्या कामीही आली. सीबीओचा स्कोअर संपूर्ण सरकारचा एकत्र असतो, त्यात ती एकदाच मोजलेली होती. 'निधीही वाचवला आणि विस्ताराचा खर्चही भागवला' अशी दोन वाक्यं शेजारी शेजारी बोलली की मात्र ऐकणाऱ्याची फसगत होते.

१३. स्कोअरमध्ये सगळा खर्च येतो ना?

नाही. कायद्याने आपोआप होणारा खर्च येतो. दरवर्षी वेगळी मंजुरी लागणारा खर्च, म्हणजे कर खात्यात नवी माणसं नेमणं, अनुदान कार्यक्रम चालवणं, तो बाजूला दाखवतात. २०१०च्या कायद्याबाबत हा खर्च दहा वर्षांत ११५ अब्जांपर्यंत जाऊ शकतो, असं पत्र सीबीओने मे महिन्यात पाठवलं. कायदा मार्चमध्ये झाला होता. त्यातले बरेचसे कार्यक्रम आधीपासूनच चालू होते हेही खरं.

राज्यांचा खर्चही यात धरत नाहीत. मेडिकेड केंद्र नि राज्यं मिळून चालवतात. केंद्राने हात आखडला की ती केंद्राची बचत. २०१७च्या विधेयकात अशी मेडिकेडची कपात दहा वर्षांत ८८० अब्जांची होती. ओझं राज्यांवर पडलं, रुग्णालयांवर पडलं की कुणाच्या मुलांवर, ते या तक्त्याच्या बाहेर.

१४. विमा मिळाला की लोक निरोगी होतील, अर्थव्यवस्था वाढेल. ते का धरत नाहीत?

नेहमीच्या स्कोअरमध्ये माणसांचं वागणं बदलतं असं धरतात (प्रश्न ४), पण अर्थव्यवस्थेचा एकूण आकार तोच ठेवतात. मोठ्या विधेयकांसाठी तोही बदलून पाहायचा, असा नियम २०१५ मध्ये प्रतिनिधिगृहाने (खालच्या सभागृहाने) केला. त्याच वर्षी ओबामाकेअर रद्द केलं तर काय, हे दोन्ही पद्धतींनी काढलं. आकार स्थिर धरून दहा वर्षांत तूट ३५३ अब्जांनी वाढत होती. अनुदानांच्या मर्यादेत राहण्यासाठी कमी काम करणारे जास्त काम करतील, कर भरतील, हे धरल्यावर १३७ अब्जांनी. म्हणजे फरक मोठा पडला, पण दिशा तीच राहिली.

१५. मग हे अंदाज कितपत खरे ठरतात?

संख्येत चुकतात, दिशेत कमी चुकतात. २०१६ मध्ये एक्सचेंजवर २ कोटी १० लाख लोक असतील असं २०१० मध्ये म्हटलं होतं. प्रत्यक्षात साधारण निम्मे आले, कारण मालकांनी अपेक्षेइतका विमा बंद केला नाही. खर्चही खाली आला: २०१५ ते २०१९ या पाच वर्षांसाठी विमाविस्ताराचा निव्वळ खर्च आधी ७१० अब्ज धरला होता, मार्च २०१५ मध्ये तो ५०६ वर आला. मधल्या काळात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांना ऐच्छिक केला. ते कुठल्याच गणितात नव्हतं, आणि त्यानंतर सीबीओला अकरा वर्षांचा आकडा ८४ अब्जांनी उतरवावा लागला.

मेडिकेअरमधल्या औषधांच्या विम्याचा २००३चा कायदा आठवतो का? सीबीओ म्हणालं ३९५ अब्ज. प्रशासनाच्याच विमागणितज्ञाचा आकडा ५३४ होता, आणि तो कायद्यावर सही झाल्यावर बाहेर आला. प्रत्यक्ष खर्च दोन्हींच्या खाली राहिला. स्वस्त जेनेरिक औषधं आली आणि नावनोंदणी कमी झाली. पण खासदारांनी मतदान करताना दुसरा आकडा त्यांच्यापुढे नव्हता, ही तक्रार आकडा चुकला यापेक्षा मोठी आहे.

१६. स्कोअर येण्याआधीच मतदान करता येतं?

येतं, आणि केलं गेलंय. प्रतिनिधिगृहाने ४ मे २०१७ रोजी प्रश्न ११ मधलंच, पण बदललेलं विधेयक २१७ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर केलं. त्या बदललेल्या मसुद्याचा स्कोअर २४ मेला आला: बचत ११९ अब्ज, विमा नसलेले २ कोटी ३० लाखांनी जास्त. तोपर्यंत सदस्य घरी जाऊन आले होते.

१७. आपल्याकडे असं कुणी आहे का?

नाही. लोकसभेच्या नियमांनुसार खर्च लागणाऱ्या विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं, पण ते विधेयक आणणारं मंत्रालयच लिहितं. शिवाय आपल्या मोठ्या आरोग्य योजना बहुतेक कायद्याने आलेल्याच नाहीत. आयुष्मान भारतची जन आरोग्य योजना २०१८ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने आली. सत्तरीवरच्या सर्वांना ती सप्टेंबर २०२४ मध्ये लागू करताना ३,४३७ कोटींचा आकडा जाहीर झाला, पण त्यामागची मंत्रिमंडळ टिपणी गोपनीय असते. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं तेही २०२३च्या शासन निर्णयाने. आणि आपण तुलना करतो ती मागच्या वर्षीच्या तरतुदीशी. 'योजना नसती तर' हा रकाना आपल्या अर्थसंकल्पात नाहीच, त्यामुळे प्रश्न २ मधली शाळेच्या फीची गंमत इकडे फारशी करता येत नाही. तेवढाच फायदा.

१८. आम्ही एच-१बीवर आहोत, आई-वडील ग्रीन कार्डवर. २०२५च्या कायद्यातल्या 'बचती'त आम्ही कुठे येतो?

नोकरीतून विमा मिळत असेल तर तुमच्यावर थेट परिणाम नाही. एक्सचेंजवर सवलत घेत असाल तर दोन तारखा पाहा. १ जानेवारी २०२७ पासून सवलत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि मोजक्या इतर गटांपुरती राहते; एच-१बी आणि विद्यार्थी व्हिसावरचे त्यातून बाहेर. त्याआधी, २०२६ पासूनच, दारिद्र्यरेषेखालचं उत्पन्न असलेल्या पण व्हिसा वा वास्तव्याच्या अटींमुळे मेडिकेड न मिळणाऱ्या कायदेशीर स्थलांतरितांची सवलत बंद झाली. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं न झालेले, स्वतःचं उत्पन्न नसलेले आई-वडील नेमके इथे अडकतात. म्हणून आधी तुमचं करपत्रक काढून बघा. त्यांना तुम्ही अवलंबित म्हणून दाखवलं असेल तर दारिद्र्यरेषेची मर्यादा तुमच्या सगळ्या कुटुंबाच्या उत्पन्नावर मोजली जाते. ते वेगळं पत्रक भरत असतील तर फक्त त्यांच्या.